काळी पाच

माझा आवाज जाड आहे, असं मला पंचविशीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. शाळेत प्रार्थनेला बाई मला पोरांच्या रांगेत उभं करायच्या. मैत्रिणी म्हणायच्या, "हिला पडद्यामागून गायला लावा, लोकं म्हणतील गडीमाणूस हाय." मी चिडायचे, एकदोघींच्या वेण्याही ओढल्यात. पण मनातून मलाही ते पटलं होतं. खालचे सूर माझ्या घशातच अडकायचे आणि वरचे लावायचा प्रसंगच यायचा नाही.

त्याचं कारण साधं होतं. आमच्या घरात पेटी नव्हती. माझा बा तबला वाजवायचा, तोही असा की ताडकळसच्या बाजारातून येणारी माणसं सायकली उभ्या करून ऐकायची. वाजवता वाजवता तो गायचा, आणि त्याच्या मागे मी. पेटीच्या दर सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या दुसरीत बाचा गळा. काळी दोन, गड्यांचा सूर. मला वेगळा सूर असू शकतो, हे ना बाच्या ध्यानात आलं ना माझ्या. लेकरू बापाच्या मागे चालतं तसं मी त्याच्या सुरात चालत राहिले.

आमच्या गावात पुनवेची बैठक असायची. चांद वर आला की शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडायच्या. लाऊडस्पीकरवाले चाचा लिंबाला भोंगा बांधायचे आणि मध्ये एक माईक उभा करायचे. गायला कुणालाही मुभा. नावं पुकारायची पद्धत नव्हती. ज्याला गायचंय त्यानं उठून माईकला हात लावायचा, हात लावला की पाळी त्याची. मग त्याला कुणी अडवायचं नाही, कुणाचा आहेस विचारायचं नाही. जुन्या कुणीतरी घालून दिलेला नियम होता, आणि आमच्यासारख्यांना गावात दुसऱ्या कशालाही इतक्या सहज हात लावता येत नव्हता, म्हणून मला तो लहानपणापासून लय आवडायचा.

दुसरा नियम पेटीचा. पेटीवर बसायचे एक पाटील, गावातले मोठे शेतकरी. माणूस माईककडं चालत यायला लागला की ते त्याच्याकडं बघायचे आणि न विचारता सूर धरायचे. गावातल्या प्रत्येकाचा सूर त्यांना पाठ होता. आणि पाटलांनी दिलेला सूर बदलून मागायचा नाही. तसं मागणं म्हणजे त्यांच्या कानावर बोट ठेवणं. कुणी मागितलाही नव्हता, कारण त्यांचा सूर चुकलाय असं कधी झालंच नव्हतं.

पाटलांची पेटी आणि बाचा तबला, ही जोडी पंचक्रोशीत माहीत होती. बा आमच्या बौद्धवाड्यातला, ते वरच्या आळीतले, पण पुनवेला दोघं एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायचे. ते बाला मिरदंग्या म्हणायचे. बा त्यांना पाटीलच म्हणायचा, पण हसत.

मग विद्यापीठाला नाव द्यायचं ठरलं, आणि मराठवाड्यात काय झालं ते मी नव्यानं सांगायला नको. आमच्या गावात माणूस मेला नाही. ते सांगताना आजही लोक "आपल्याकडं काही झालं न्हाई" असं म्हणतात, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काही झालं नाही म्हणे! आमचा कडबा जाळला. दोन छपरं जाळली. पुढं कितीतरी दिवस पिठाची गिरणी आमच्यासाठी बंद, दुकान बंद, कामाला बोलावणं बंद.

कडबा पेटला ती दुपार होती. बा ताडकळसला बाजाराला गेलेला. घरात माय आणि मी, दहा वर्षांची. पोरं आरडत आली, त्यांत पाटलांची भावकी पुढं होती. माय शेळ्या सोडवायला धावली आणि मी बाला बोलवायला. वाड्याला सगळ्यात जवळचं घर पाटलांचं. मी त्यांच्या ओट्यापर्यंत पळत गेले, कारण तिथून बाजाराची वाट दिसायची, आणि तिथं उभी राहून "बा ऽ, बा ऽ" म्हणून ओरडत राहिले. बा दोन कोसांवर, त्याला काय ऐकू जाणार? पाटलांचं दार आतून बंद होतं. ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

संध्याकाळी बा आला. राखेकडं बघितलं, मायला बघितलं, मला जवळ घेतलं. पाटील घरातच होते, हे त्याला रात्रीपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तबला-डग्गा गोधडीत बांधून माळ्यावर टाकला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हात दुखतेत." हात कसले दुखतेत!

बैठक एकदोन वर्षांनी पुन्हा सुरू झाली. तबल्याला दुसरं कुणीतरी बसायचं, बडवायचं नुसतं. आम्ही वाड्यातून भोंगा ऐकायचो. तबला जिथं चुकायचा तिथं बा अंधारात मांडीवर बरोबर ठेका धरायचा. मला ते बघवायचं नाही.

असं पंधराएक वर्षं चाललं. मी डीएड झाले, राणीसावरगावकडं मास्तरीण म्हणून लागले. जयंतीला आमच्याच माणसांत गायचे, त्याच जाड आवाजात, आणि लोक मायेनं ऐकून घ्यायचे. बाने त्या वर्षांत एक गाणं बांधलं होतं, माझ्यावरच. "पाटी घेऊन निघाली माझी लेक गं, वाटंवरच्या काट्या जरा बाजूला सरक." तेही त्यानं तबल्याशिवायच बांधलं, मांडीवर.

नामांतराचं पुन्हा जोरात निघालं त्या हिवाळ्यात मी सुट्टीला घरी आले. आज होणार, उद्या होणार, रोज नवी आवई. चौकातल्या हॉटेलात आमचं माणूस शिरलं की बोलणं बंद व्हायचं. नवी कोरी पोरं, ज्यांना पहिल्या वेळचं काही आठवत नव्हतं, तीच जास्त फुरफुरायची. दोन्हीकडची. आणि अशात मी एका संध्याकाळी भाकरी खाता खाता म्हणाले, "बा, या पुनवेला मी माईकला हात लावणार हाय."

मायच्या हातातली पळी तशीच राहिली. "गाणं गायला चाललीस का भांडान काढायला? आत्ता कुठं छप्पर नीट झालंय."

"कुणाचीही पाळी असते तिथं. नियमच हाय."

"नियम!" माय एवढंच म्हणाली आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

बाने ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, "कुणाच्या तबल्यावर गाणार?" त्यानं ताट सरकवलं. "त्या बडव्याच्या? माझं गाणं?" उठला, माळ्यावर चढला आणि गोधडी खाली काढली. तबल्याची पुडी, वरचं कातडं, उंदरांनी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी तबला घेऊन सेलूला गेला, नवी पुडी बसवून आणली आणि काळी दोनला लावून ठेवला. 

निघायच्या आधी त्यानं मला समोर बसवलं. "एकदाच येतो. ते हसले ना, तर हा तबला परत माळ्यावर. मग माझ्या जित्यापणी खाली येणार न्हाई. आणि तू उलटून बोलायचं न्हाई. तुझं तोंड मला माहीत हाय." खरंच होतं. माझ्या तोंडाला कुलूप लावणं कुणाला जमलेलं नव्हतं.

मार्गशीर्षाची पुनव. थंडी मरणाची. चांद नुकताच लिंबाच्या वर आलेला. आम्ही पटांगणात शिरलो तशी बोलणी थांबली. मी पुढं, मागं तबला कवटाळून बा, त्याच्यामागं आमच्या वाड्यातली सातआठ पोरं, मी नको नको म्हणत असताना आलेली. ती लिंबाखाली उभी राहिली, खाली बसलीच नाहीत. पलीकडं भिंतीला टेकून वरच्या आळीतली पोरं. तीही बसली नाहीत. मधल्या सतरंजीवर म्हातारीकोतारी आणि लेकरं.  कुणी साधं खोकललं असतं तरी पेटलं असतं, असा तो वखत होता.

पाटील पेटीवर होते. केस पांढरे झालेले. बाला बघून त्यांचे हात पट्ट्यांवरच थांबले. बाने त्यांच्याकडं बघितलं नाही. जुन्या जागेवर जाऊन बसला, त्यांच्या शेजारी, पण यावेळी मध्ये हातभर सतरंजी मोकळी सोडून. तबल्यावर बसलेला तो बडवा मुकाट्यानं उठला. गाणाऱ्यानं आपला तबलजी आणला तर त्याला जागा द्यायची, हाही नियमच होता, म्हणून त्याला बोलता येईना.

मी चालत गेले आणि माईकला हात लावला. थंडगार लोखंड. भोंग्यातून खरर् आवाज आला. चाचांनी माईक माझ्या उंचीला खाली केला आणि हळूच म्हणाले, "घबराव नक्को बेटी."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होते काळी दोनची. पंधरा वर्षं झाली तरी बाचा सूर ते विसरले असतील असं वाटत नव्हतं, आणि माझा म्हणून त्यांना दुसरा कुठला माहीत असणार? त्यांनी भाता ओढला आणि बोट ठेवलं.

काळी पाच! सगळ्यात शेवटची काळी. गड्यांचं सोडाच, बायामाणसांतही ती सगळ्यांना झेपत नाही. गावातल्या गाण्याचं कळणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं. भिंतीकडून एक पोरगं खिंकाळलं, "ओ मास्तरीणबाई, झेपंल का?" आणि पाच-दहाजण हसले.

ते हसले. बाची अट मला आठवली.  सूर बदलून मागावा तर नियम मोडला, मग म्हणायला मोकळे, यांना नाव बदलून पाहिजे, सूर बदलून पाहिजे. तसंच गावं तर वर जाऊन चिरकणार, आणि उद्या सगळ्या गावात नक्कल. खाली उतरावं तर सगळंच संपलं. किती हुशारीनं मारलं, मला वाटलं. काठी नाही, आग नाही, एक बोट ठेवलं नुसतं. माझ्या मनात पाटलांसाठी जे शब्द आले ते मी इथं लिहीत नाही.

मागं वळून बघितलं. बाच्या हातात हातोडी होती. तबला लावायची ती लहानशी पितळी हातोडी, पण त्यानं ती मुठीत अशी धरली होती की शिरा वर आलेल्या. तो पाटलांच्या तोंडाकडं बघत होता. आल्यापासून पहिल्यांदाच. लिंबाखालची आमची पोरं दोन पावलं पुढं आली. भिंतीकडची पोरंही भिंत सोडून उभी राहिली. सतरंजीवरच्या एका बाईनं लेकराला उचलून कडेवर घेतलं. मी माईकला असं घट्ट धरलं होतं की भोंग्यातून माझाच श्वास ऐकू येत होता.

पाटील भाता ओढतच होते. मान खाली. सूर हलला नाही, तुटला नाही.

"बा," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे तोंडातून निघालं, आणि भोंग्यातून गावभर गेलं.

बाने हातोडी उचलली. मी डोळे मिटले. आणि ठक् असा आवाज आला. तबल्याच्या वाद्यांखालच्या लाकडी गट्ट्यावर. परत ठक्. डोळे उघडले तर बा मान वाकडी करून, कान तबल्याजवळ नेऊन, गट्टे ठोकत होता. तबला चढवत होता. काळी पाचशी जुळेल इतका वर.

नवी पुडी, अजून ताण सोसायची सवय नसलेली. एक ठोका जास्त पडला असता तर फाटली असती, आणि मग हसण्याला अंतच राहिला नसता. बा एक गट्टा ठोकायचा, बोटानं आवाज बघायचा, पुढचा ठोकायचा. सगळं पटांगण त्या ठकठकीकडं बघत होतं. हसणारं पोरगंही. पाटील सूर धरून होते, आणि त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम होता. शेवटी बाने थाप मारली. टणत्कार असा स्वच्छ निघाला की चाचांच्या तोंडून "वा" गेलं.

बा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "घे."

मी घेतला. घाबरत, अर्धा. आणि गळ्यातून जे निघालं ते मला ओळखू येईना. अहो, मी सांगते, मला वाटलं मागून दुसरी कुणी बाई गायलीय. ना घशात अडकलं ना चिरकलं. दुसऱ्या ओळीला मी वर गेले तर वरही जागा होती, आणि त्याच्याही वर होती. पंचवीस वर्षं मी खालच्या खोलीत वाकून राहत होते. "वाटंवरच्या काट्या जरा बाजूला सरक" म्हणताना मी भिंतीकडं बघूनच म्हटलं. बाने उलटून बोलू नको म्हणून सांगितलं होतं, गाऊ नको म्हणून नव्हतं. तिथली पोरं आता गप्प होती. एकानं तर मफलर काढून कान मोकळे केले.

बाचा हात पहिल्यासारखा पडत होता. पहिल्यापेक्षा बरा म्हणेन. गाणं संपलं तशी सतरंजीवरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं, कुठं लपवला व्हता एवढा गळा?" आणि लोक हसले, पण ते हसणं वेगळं. आमची पोरं लिंबाखाली खाली बसली. मला रडू यायलतं आणि मी येऊ दिलं.

पुढच्या गाणाऱ्यानं माईकला हात लावला. बाने तबला उचलला आणि आम्ही लिंबाखाली आलो. तो गोधडी गुंडाळायला लागला तर समोर पाटील उभे. पेटी दुसऱ्याच्या हाती देऊन आले होते. आमची पोरं पुन्हा उठली. बाने हातानं त्यांना बसवलं.

मला राहवलं नाही. "तुमाला कसं कळलं?" मी विचारलं. "माझा सूर तुमाला कुणी सांगितला? मलाच माहीत नव्हता."

पाटील माझ्याशी बोलले नाहीत, बाशी बोलले. "त्या दिवशी ही माझ्या ओट्यावर उभी राहून तुला हाका मारायलती, मिरदंग्या. काळी पाचात. मी दाराच्या आतून ऐकायलतो." त्यांनी उजवा हात उघडून बघितला. "कडी माझ्या हातात व्हती. पंधरा वर्षं झाली, पेटी उघडली की आधी तोच सूर कानात येतो."

 म्हणजे ते ऐकत होते. लेकरू ओरडतंय, धूर दिसतोय, आणि हा माणूस दाराआड उभा राहून ऐकत होता, आणि ऐकलेलं इतकं नीट ऐकत होता की पट्टीसुद्धा लक्षात राहिली. मी काय बोलले असते देव जाणे, पण बाने माझा दंड धरला.

"मंग दार उघडायचं व्हतं, पाटील," बा म्हणाला. आवाज चढवला नाही.

पाटलांनी मान हलवली. परत जाऊन पेटीवर बसले.

घराच्या वाटेवर मी भडकलेलीच होते. बाला म्हटलं, "आणि तू त्याच्या सुराला तबला लावलास! त्यानं बुडवायला दिलाय असं वाटलं न्हाई तुला?"

"वाटलं," बा म्हणाला. "हातोडी फेकून मारणार व्हतो. मग तू 'बा' म्हणलीस, आन् मला ऐकू आलं की तू त्याच पट्टीत हाक मारायलीस." चार पावलं चालला. "माणूस चुकला तो. सूर न्हाई चुकला."

घरी गेल्यावर माय दारातच उभी होती. बाने तबला माळ्याखाली, कोनाड्याशेजारी ठेवला. गट्टे खाली ठोकले नाहीत, तबला उतरवला नाही. मायने ते बघितलं आणि भाकरी वाढली.

पुढच्याच महिन्यात नाव दिलं गेलं. ती पुनव बैठकीविना गेली, गावात पोलीस होते. त्यानंतरच्या पुनवेला बा तबला घेऊन एकटाच निघाला, मी राणीसावरगावला होते. मग जात राहिला. हात चालले तोवर दोघं एका सतरंजीवर बसून वाजवत राहिले. ती हातभर जागा मात्र मध्ये मोकळीच राहिली. बाने ती कधी भरू दिली नाही आणि पाटलांनी कधी तिकडं सरकायचा प्रयत्न केला नाही. आज दोघंही नाहीत.

मला लोक विचारतात, तुम्ही त्यांना माफ केलं का? नाही केलं. का करू? त्या दाराच्या कडीचा माझ्याकडं हिशेब आहे आणि तो मिटलेला नाही. पण गायला बसले की पेटीवाला विचारतो, "बाई, सूर?" आणि मी काळी पाच सांगते. दुसऱ्या कुठल्या सुरात माझा गळा लागतच नाही.